सुट्टीतली शाळा आणि मदतीचे पालक

नाशिक जिल्ह्यातल्या प्राथमिक शाळांना मेच्या सुरुवातीला सुट्टी लागते आणि जूनच्या मध्याला त्या पुन्हा भरतात. मधल्या सहा आठवड्यांत पालकाने वर्गशिक्षकाला हातभार लावायचा, ही गोष्ट फार काळ ज्याच्या त्याच्या हौसेवर होती. कुणाची आई चित्रे बरी काढते म्हणून तिला भिंतीवर मुळाक्षरे रंगवायला बोलवावे, कुणाच्या वडिलांकडे छोटा हत्ती टेम्पो आहे म्हणून पुस्तकांचे गठ्ठे त्यांनी आणून द्यावेत, एवढाच या मदतीचा व्याप. २०२२ च्या एप्रिलमध्ये राज्यभर ‘पहिले पाऊल’ या नावाने शाळापूर्व तयारी अभियान सुरू झाले आणि या हौसेला प्रथमच वेळापत्रक मिळाले.

अभियानामागचे कारण साधे होते. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे शाळांबरोबर अंगणवाड्याही बंद पडल्या. जून २०२२ मध्ये पहिलीत येणारी मुले त्या वेळी चार वर्षांची होती; रांगेत बसणे, आपल्या पाळीची वाट पाहणे, खडू धरणे, अनोळखी मोठ्या माणसाला उत्तर देणे, या गोष्टी ज्या वयात अंगणवाडीत अंगवळणी पडतात ते वय त्यांनी घरात काढले. शिक्षकाला ही मुले जूनमध्ये भेटणार आणि भेटल्याबरोबर अभ्यासक्रम सुरू करावा लागणार. मधला उन्हाळा वापरायचा तर तो घरातच वापरता येणार होता. शालेय शिक्षण विभागाने ‘प्रथम’ या संस्थेच्या साहाय्याने जी योजना आखली तिचा कणा म्हणून मातांचे गट निवडले गेले ते त्यामुळे.

योजनेची रचना दोन मेळाव्यांची आहे. पहिला मेळावा सुट्टी लागण्याआधी, एप्रिलमध्ये. दाखलपात्र मुले, म्हणजे येत्या जूनला पहिलीत बसण्याच्या वयाची मुले, आईबरोबर शाळेत येतात. आवारात ओळीने सात टेबले मांडलेली असतात: नोंदणी, शारीरिक विकास, बौद्धिक विकास, सामाजिक आणि भावनिक विकास, भाषा, गणनपूर्व तयारी आणि शेवटी पालकांसाठी मार्गदर्शन. मूल एका टेबलावर दोरीवरून चालते, चेंडू झेलते, कागदाची घडी घालते. दुसऱ्यावर वस्तूंचे गट करते. तिसऱ्यावर चित्र पाहून बोलते. कोणती गोष्ट सहज जमली, कोणती मदतीने, कोणती नाही, याची नोंद विकासपत्रावर होते. ते पत्र आई पाहते. शेवटच्या टेबलावर तिला सांगितले जाते की हाच खेळ घरी कसा घ्यायचा. जूनमध्ये शाळा उघडताना दुसरा मेळावा होतो, टेबले तीच, आणि त्याच पत्रावर पुन्हा नोंद होते. या दोन नोंदींच्या मधली सगळी मजल घरातल्या आणि वस्तीतल्या माणसांनी मारायची असते.

एका शिक्षकाला, एका अंगणवाडी सेविकेला सात टेबले सांभाळता येत नाहीत. म्हणून पहिल्या मेळाव्यातच पालक स्वयंसेवक लागतात, आणि बहुतेकांची या कामाशी ओळख तिथेच होते. टेबलावर बसलेल्या पालकाकडून सर्वांत आधी जी चूक होते ती उत्तर पुरवण्याची. मूल अडखळले की शेजारी बसलेले मोठे माणूस नकळत बोट दाखवते, ओठ हलवते, ‘अगं, काल तर सांगितलं होतंस’ म्हणते. दाखवलेल्या उत्तराची नोंद झाली तर ते पत्र शिक्षकाच्या काही कामाचे राहत नाही. मूल गप्प असताना आपणही गप्प बसणे हे कौशल्य आहे, आणि ते शिकवायला फार शब्द लागत नाहीत. आधी एक टेबल पाहायला बसवले की पुरते.

मेळावा संपला, मंडप सुटला की खरे काम सुरू होते. एका गल्लीतल्या किंवा पाड्यावरच्या चार-सहा मातांचा गट, त्यातली एक पुढाकार घेणारी, जिला अभियानाच्या भाषेत लीडर माता म्हणतात. शिक्षक तिच्या मोबाइलवर दर आठवड्याला आयडिया कार्ड किंवा छोटी चित्रफीत पाठवतो. तिने ती गटाला दाखवायची आणि प्रत्येकीने आपल्या मुलाबरोबर तो खेळ घरी घ्यायचा. कागदावर हे सरळ वाटते. पण मे महिना नाशिकचा असतो.

निफाड, चांदवड, येवला, कळवण, देवळा या पट्ट्यात मार्च ते मे उन्हाळ कांदा निघतो. बाया पहाटे काढणीला जातात, दुपारी घरी येऊन भाकरतुकडा करतात, संध्याकाळी पुन्हा चाळीत कांदा भरायला. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या पश्चिमेकडच्या डोंगराळ तालुक्यांत पावसाळा धो धो असला तरी एप्रिलपासून विहिरी आटतात आणि आईची सकाळ हंड्यात जाते. त्याच दिवसांत रानातली करवंदे, आंबे गोळा करून विकायचे असतात आणि भाताच्या राबाची तयारीही करायची असते. अकरा वाजता शाळेच्या ओट्यावर गट भरवा, असे सांगणारे परिपत्रक या घड्याळाला माहीत नसते. जे गट चालले ते आपल्या वेळेने चालले: कांद्याच्या खळ्यावर, नळाच्या रांगेत, रात्री जेवणे आटोपल्यावर कुणाच्या तरी अंगणात. शिक्षकाला ही वेळ सुचवता येत नाही, कारण तो बहुधा तालुक्याहून किंवा नाशिक शहरातून अप-डाउन करणारा असतो आणि सुट्टीत तर आपल्या गावी गेलेला असतो. वस्तीचे घड्याळ वस्तीत राहणाऱ्यालाच कळते. पालकाच्या मदतीची खरी किंमत इथे आहे. शिक्षकाचे दोन तास वाचवणे ही तिची दुय्यम बाजू. शिक्षकाला जे ठाऊक असणे शक्य नाही ते पालकाला ठाऊक असते, ही पहिली.

खेळांच्या साहित्याबाबतही तसेच. कार्डावर लिहिलेले असते की घरातल्या वस्तूंचे आकारानुसार वर्गीकरण करा. चाळीपुढे कांद्याची प्रतवारी रोज चाललेली असते. गोल्टी बाजूला, मध्यम बाजूला, मोठा बाजूला, हे सहा वर्षांचे मूल आजीशेजारी बसून करतच असते. लीडर मातेने फक्त एवढे करायचे की त्याला विचारायचे: हा इकडे का टाकलास? या ढिगात जास्त आहेत की त्या? उत्तर देताना मूल तुलना करते, कारण सांगते, मोजते. द्राक्षपट्ट्यातल्या घरांत निर्यातीच्या पेट्यांचे पुठ्ठे पडलेले असतात, ठिबकच्या नळीचे तुकडे असतात. पुठ्ठ्याची अक्षरकार्डे आणि नळीच्या तुकड्यांची माळ ही शाळेला पुरवता येणारी चांगली सामग्री आहे आणि ती बनवण्यात वडील माणसे आपणहून येतात. हे मुद्दाम नोंदवायचे कारण असे की अभियानाच्या सगळ्या कागदांवर माता, माता आणि माता एवढेच आहे. गटात बसायला संकोचणारा बाप कात्री आणि पक्कड हातात दिली की बसतो.

आजीचे महत्त्व तर कोणत्याही परिपत्रकात नाही. आई दिवसभर रानात असली की मूल आजीजवळ असते. आजीला अक्षरओळख नसेल, पण गोष्ट सांगणे, कोडी घालणे, गाणी म्हणणे यांत ती कुणालाही हार जाणार नाही, आणि भाषेच्या टेबलावर मूल जे बोलते त्यातले पुष्कळ तिच्याकडून आलेले असते. पश्चिम पट्ट्यात घरची बोली कोकणा किंवा वारली असते, मालेगाव-सटाण्याकडे अहिराणी. पाठ्यपुस्तकातली मराठी या मुलांना जूनमध्ये एकदम भेटते. घरच्या बोलीत गोष्ट ऐकून त्याच गोष्टीबद्दल शाळेच्या भाषेत दोन वाक्ये बोलायला लावणे हे काम दोन्ही भाषा येणारी आईच करू शकते. बदलीने आलेल्या शिक्षकाला ते पहिली दोन-तीन वर्षे तरी जमत नाही. ज्या शिक्षकांनी अशा आयांना सुट्टीत चित्रांची पुस्तके देऊन ठेवली, त्यांना जूनमध्ये वर्गात बोलणारी मुले मिळाली, असा अनुभव वारंवार सांगितला जातो.

मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी हेच काम वाढले. अंगणवाडीची कल्पना तिथली. फरक इतकाच की तिथे शिक्षिका अंगणात जात होती. सुट्टीतल्या गटात अंगणातलीच बाई शिक्षिकेचा निरोप पुरा करते.

मोबाइल हा या साखळीतला कच्चा दुवा. घरात स्मार्टफोन असला तरी तो दिवसा वडिलांच्या किंवा थोरल्या मुलाच्या खिशात असतो. डोंगरातल्या पाड्यांवर रेंजसाठी टेकाडावर चढावे लागते. प्रत्येक आईला चित्रफीत पाठवून तिने ती पाहिली असे धरणारा शिक्षक फसतो. एकीने रेंजमध्ये जाऊन उतरवून घ्यायची आणि सगळ्यांना एका फोनवर दाखवायची, हा साधा मार्ग टिकतो. उलट दिशेने, गटाचे फोटो शिक्षकाला पाठवण्याचे काम मात्र फार वाढलेले आहे. केंद्रप्रमुखाला फोटो हवे, त्यांच्या वरच्यांना हवे. त्यात कधी कधी असे घडते की खेळ पाच मिनिटांचा आणि फोटो अर्ध्या तासाचा. एखादा फोटो पुरेसा आहे हे शिक्षकाने आधीच सांगितले तर लीडर माता टिकते. नाही तर दुसऱ्या आठवड्यानंतर तिला कांद्याची कामे आठवू लागतात, आणि त्यात तिची काही चूक नाही.

वरच्या वर्गांतल्या मुलांसाठीची मदत वेगळी असते. तिसरी-चौथीतले जे मूल अजून अडखळत वाचते त्याला सुट्टीत रोज थोडे वाचायला बसवणे, हे त्यातले सर्वांत मोलाचे. ‘असर’ या पाहणीने २००५ पासून वाचनाची जी सोपी पायरी रूढ केली, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट, ती कोणत्याही पालकाला वापरता येते. ती पाहणीही स्वयंसेवकच करतात. मूल कोणत्या पायरीवर आहे हे शिक्षकाने पालकाला सुट्टीआधी सांगितले पाहिजे. ते न सांगता ‘घरी वाचन घ्या’ म्हटले की पालक धडा पहिल्यापासून घोकून घेतो, मुलाला धडा पाठ होतो आणि वाचन तिथेच राहते. गोष्टीच्या पायरीवरच्या मुलाला पुस्तके लागतात. नाशिकमध्ये ती मिळवणे अवघड नाही: १८४० साली स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयाचा बालविभाग आहे, आणि कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या २००९ पासूनच्या उपक्रमाने पुस्तकांच्या पेट्या वाचकांपर्यंत नेण्याची पद्धतच घालून दिली. शाळेच्या कपाटात कुलूपबंद राहणारी पुस्तके सुट्टीपुरती अशा पेटीत घालून एखाद्या पालकाच्या ओसरीवर ठेवली, वहीत देव-घेव लिहिली, की गल्लीचे वाचनालय होते. दोन पुस्तके फाटतील, एखादे हरवेल. ते आधीच मान्य करणारा मुख्याध्यापक असेल तरच हे होते. साठा नोंदवहीची भीती बाळगणारा कपाट उघडत नाही.

सुट्टी हीच अडचण मानणारी एक शाळा याच जिल्ह्यात आहे. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या हिवाळीची जिल्हा परिषद शाळा वर्षाचे ३६५ दिवस आणि दिवसाचे बारा तास चालते म्हणून ओळखली जाते. शिक्षक केशव गावित यांचे नाव तिच्याशी जोडलेले आहे. ती पाहायला लांबून लोक येतात आणि बहुतेक जण शिक्षकाचे कौतुक करून परततात. पण मूल दिवसभर शाळेत राहायला घरची संमती लागते: गुरे वळणारे, धाकट्या भावंडाला सांभाळणारे दोन हात घराने सोडावे लागतात. गरिबाच्या घरात मुलाला कामातून मोकळे करणे हीसुद्धा शाळेला केलेली मदतच, आणि तिची नोंद कुठल्याच वहीत होत नाही.

नाशिक शहरात चित्र बदलते. महापालिकेच्या शाळांत पालक कारखान्यातले, बांधकामावरचे, भाजीबाजारातले. त्यांच्याकडे सुट्टी नावाची वस्तू नसते. खासगी शाळांत पालक-शिक्षक संघ असतो. २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याने तो बंधनकारक केला. तिथे सुट्टीतली मदत म्हणजे प्रदर्शनफलक सजवणे, ग्रंथालयातल्या पुस्तकांना कव्हरे घालणे, पुढच्या वर्षीच्या कृतिसंचांसाठी कापाकापी. ही कामे हलकी मानू नयेत. एका वर्गाला पुरतील एवढे शब्दपट्ट्यांचे संच कापून, लॅमिनेट करून, रबर लावून ठेवणे यात शिक्षिकेचे कितीतरी दिवस जातात. मात्र साहित्य कापण्याआधी शिक्षिकेकडून एक नमुना हाताने बनवून घ्यावा. अक्षराचे वळण, आकार, रंग हे तिच्या शिकवण्याच्या पद्धतीशी जुळलेले असतात. पालकाने इंटरनेटवरून उतरवलेला सुरेख संच वर्गात कपाटातच पडून राहतो.

मदत कुठे थांबावी हे ठरवणे मदत करण्याइतकेच आवश्यक आहे. २०२५ मध्ये राज्यात पहिली ते नववीच्या परीक्षा २५ एप्रिलपर्यंत चालल्या आणि निकाल १ मेला द्यायचा होता. उत्तरपत्रिका तपासून गुणपत्रके भरायला शिक्षकांच्या हाती मोजके दिवस उरले. अशा वेळी ‘ताई, बेरीज तेवढी करून देता का’ असे विचारले जाणे स्वाभाविक आहे, आणि त्याला नम्रपणे नाही म्हणणे योग्य आहे. दुसऱ्यांच्या मुलांचे गुण, आधार क्रमांक, जातीचे दाखले, घरची परिस्थिती ही शिक्षकावर सोपवलेली माहिती आहे. गावात ती एका संध्याकाळीत पसरते. पैसे गोळा करण्याचे काम पालकाने एकट्याने घेऊ नये. पावती शाळेची असावी. दुसऱ्याच्या मुलांना घेऊन एकट्याने बंद खोलीत बसू नये, गट उघड्यावर आणि दोन मोठी माणसे हजर असताना भरावा. २०२४ च्या बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचाराच्या घटनेनंतर या काळजीला कुणी अविश्वास म्हणत नाही.

सर्वांत नाजूक प्रश्न स्वतःच्या मुलाचा. मदत करणाऱ्या पालकाचे मूल त्याच वर्गात असते. आईला बाईंच्या खुर्चीजवळ पाहून ते एक तर तिला चिकटते किंवा इतरांवर हुकूम सोडते. शेजारच्या घरांत कुजबुज होते की तिचा मुलगा पहिल्या ओळीत बसतो तो यामुळेच. ज्यांनी हे काम वर्षानुवर्षे केले आहे ते एक उपाय सांगतात: आपल्या मुलाच्या गटाऐवजी दुसऱ्या गल्लीचा गट घ्यावा, आपले मूल दुसऱ्या मातेच्या हाती द्यावे. आपल्या मुलावर जो आवाज चढतो तो दुसऱ्याच्या मुलावर चढत नाही, हा त्याचा वरकड फायदा.

शिक्षकाच्या बाजूनेही अडचण असते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामांना शिक्षकाला जुंपण्यास मनाई केली. पण ही तीन कामेच उन्हाळा खाऊ शकतात. २० मे २०२४ ला नाशिक आणि दिंडोरी लोकसभा मतदारसंघांत मतदान होते. त्या महिन्यात मतदान केंद्रांवर नेमलेल्या गुरुजींकडून आठवड्याच्या कार्डाची अपेक्षा करणे कठीणच. म्हणून अनुभवी शिक्षक सगळ्या आठवड्यांची कार्डे एप्रिलमध्येच छापून लीडर मातेकडे देतात, शाळेच्या आवाराची किल्ली व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडे ठेवतात आणि फक्त अडले तर फोन करा म्हणतात. ज्या शिक्षकाला प्रत्येक गोष्ट आपल्या देखरेखीखाली हवी असते त्याच्याकडे पालक एका सुट्टीपुरते येतात.

जूनच्या पहिल्या आठवड्यात धांदल उडते. मोफत पाठ्यपुस्तके तालुक्याहून केंद्रावर आणि केंद्रावरून शाळेत येतात. इयत्तावार गठ्ठे मोजणे, संच लावणे, कमी-जास्त लिहून ठेवणे याला मोकळी माणसे हवी असतात. पटनोंदणीसाठी घरोघर फिरताना लीडर मातेची यादी शिक्षकाच्या यादीपेक्षा अचूक निघते, कारण मामाच्या गावाहून परत न आलेले मूल आणि ऊसतोडीला गेलेल्या बहिणीने आजोळी ठेवलेले मूल तिलाच माहीत असते. मग पावसाची पहिली सर, प्रवेशोत्सव, प्रभातफेरी, नवागतांच्या हातात फुगे आणि दुसरा मेळावा.

विकासपत्र त्यानंतर वर्गशिक्षकाकडे जाते आणि पहिलीच्या सुरुवातीच्या आठवड्यांत कुणाला काय द्यायचे हे ठरवायला उपयोगी पडते. गटातल्या एक-दोघी पुढे शाळा व्यवस्थापन समितीत येतात. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे कायदा सांगतो. बाकीच्यांचे गट भाताच्या आवणीला किंवा सोयाबीनच्या पेरणीला विरतात. गट टिकवायचाच असेल तर २०२४ पासून पहिली ते आठवीला लागू झालेल्या आनंददायी शनिवारी त्याला शाळेत जागा करता येते; त्या दिवशी गोष्टी सांगायला, खेळ घ्यायला पालक बोलावले जाऊ शकतात, आणि दिवाळीच्या सुट्टीसाठी पेटीतली पुस्तके कुणाच्या ओसरीवर ठेवायची हेही तिथेच ठरते.